घरात दिसेल ते

पाच चाळीसला शिकवणीच्या बाईंनी लाल पेन खाली ठेवलं आणि भिंगरीच्या आईला फोन लावला.

नियम साधा होता. रोज पाच इंग्रजी शब्द; पुस्तकातून उतरवायचे नाहीत, घरात दिसेल तेच लिहायचं. बाई वह्या घरी आणून स्पेलिंग तपासत आणि चांदणी काढत.

भिंगरीच्या वहीत सोमवारी फॅन, मिरर, बकेट, शूज, मॅन. मंगळवारी स्पून, प्लेट, सोप, बेड, मॅन. दोन्ही दिवसांना चांदण्या. आज टॉवेल, चेअर, ग्लास, नाइफ, मॅन. ‘तोच शब्द पुन्हा नको’ असं समासात लिहिताना बाईंचा हात थांबला. भिंगरीच्या घरी मायलेकी दोघीच होत्या.

“आता काय उद्योग केला हिने?” आईच्या आवाजामागे शिलाई मशीनची घरघर चालू होती.

“घरी कोणी पाहुणे आलेत?”

“आमच्याकडे पुरुष म्हणाल तर कॅलेंडरवरचा. का हो?”

बाईंनी शब्द वाचून दाखवले. मशीन थांबलं.

“मी दिवसभर घरातच असते,” आई हळूच म्हणाली. “एकट्या राहून तुम्हाला नसते संशय यायला लागलेत, बाई.”

“असू दे. आवाज न करता पोरीचा हात धरा आणि बाहेर पडा. चपला राहू द्या. फोन ठेवू नका.”

कडी वाजली. मग जिन्यावर पावलं, धाप.

सहा मिनिटांनी आई बोलली. “दोन शेजारी वर जाऊन आले. पलंगाखाली, बाथरूममध्ये, कुठेच कोणी नाही.”

“भिंगरीला द्या.”

“मी खोटं नाही लिहिलं, बाई.” पोरगी रडवेली झाली होती. “आमच्या घरातले शब्द गेल्या आठवड्यातच संपले. मग खिडकीतून दिसणाऱ्या दुसऱ्या घरातले घेतले.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या हसल्यासुद्धा. “अगं, कोणाच्या घरातले?”

“तुमच्या. तुम्ही मोठ्या मुलांच्या वर्गाला गेलात की ते काका माळ्यावरून खाली येतात. माळ्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते मला येईना, म्हणून लिहिलं नाही. मघाशी तुम्ही कुलूप काढलंत, तेव्हा ते परत वर गेले.”