लिंबूटिंबूचा दिवा

"अगंबाई, दिवा!"

ती सोफ्यावरून अर्धी उठलीच. फोनवर नव्या गेमिंग कन्सोलचा व्हिडिओ चालू होता. याच व्हिडिओची तिनं चातकासारखी वाट पाहिली होती. चित्रं अशी, की गाडीच्या काचेवरचा थेंब ओघळताना दिसावा. जुने गेमही त्यावर चालणार. इथवर सगळं तिच्या मनासारखं. मग व्हिडिओतल्या त्या हसऱ्या माणसानं दोन कंट्रोलर उचलून दाखवले. वायर नाही. आणि प्रत्येकाच्या कपाळावर एक दिवा. जो खेळतोय त्याचा पेटणार, जो खेळत नाही त्याचा विझलेला राहणार.

तिनं हळूच शेजारी पाहिलं.

शेजारी तिची सहा वर्षांची लेक मांडी घालून बसली होती. मांडीत कंट्रोलर, कंट्रोलरला काळी वायर, आणि वायर जात होती थेट सोफ्यावरच्या उशीखाली. तिथेच संपत होती. उशीला टेकून एक कापडी बाहुली निजलेली, गळ्यापर्यंत रुमाल पांघरून. समोर टीव्हीवर शर्यत थांबवून ठेवलेली. लाल गाडी आईची, निळी लेकीची. म्हणजे लेकीला तसं सांगितलेलं. निळी मुळात मशीनच पळवायचं. निळी जिंकली, की आई म्हणायची, "हरले बाई तुझ्यापुढे!" आणि लेक टाळ्या पिटायची. दोघींचंही छान चाललं होतं.

तशी ती डोळ्यांत तेल घालून लेकीला सांभाळणारी. शिंक आली की कपाळाला हात, खोकला आला की काखेत थर्मामीटर. आताही व्हिडिओ बघता बघता तिनं लेकीचं कपाळ चाचपून घेतलं. गार होतं. तरी पुन्हा एकदा चाचपलं.

फोन वाजला. धाकटा भाऊ. घाईत तिचं बोट स्पीकरवर पडलं.

"ताई, पाहिलंस ना? बुकिंग सुरू झालंय. तुझं नाव टाकू?"

"थांब रे. विचार करू दे."

"विचार? तू? वर्षभर कान किटवलेस माझे!"

"तसं नाही... वायर नाहीये त्याला."

"मग चांगलंच की," भाऊ म्हणाला आणि एकदम खदाखदा हसत सुटला. "आलं लक्षात! लिंबूटिंबूचं काय करायचं, हो ना? ताईसाहेब, आता पडलं तुमचं पितळ उघडं. पोरगी विचारणार, आई, तुझा दिवा लागला, माझा का नाही?"

तिनं फोन छातीशी दाबून धरला. मग कळलं, की सगळं खोलीभर ऐकू गेलं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आता हिला काय सांगायचं? इतके दिवस फसवलं म्हणून रुसली तर? पुन्हा शेजारी बसलीच नाही तर?

लेकीनं मान वरसुद्धा केली नाही.

"मामा माझ्याबद्दल बोलतोय," ती म्हणाली. "मी लिंबूटिंबू आहे ना."

"तुला... कोणी सांगितलं?"

"उशी उचलली की दिसतं की."

"कधीपासून माहितेय तुला?"

लेकीनं आठवून पाहिलं. "मी लहान होते ना, तेव्हापासून."

आईला हसावं की रडावं कळेना. "मग बोलली का नाहीस गं? आणि टाळ्या कशाला पिटत होतीस?"

"तू एकटी खेळलीस की आजी म्हणते, लेकुरवाळी झाली तरी खेळ सुटेना. मी बसले की म्हणते, पोरीला खेळवतेय."

पोरगी वकिलाच्या वरताण निघाली होती. पण आता तिच्याच कपाळाला एक बारीक आठी पडली.

"आई, नव्यात माझा दिवा लागला, तर मला खरंखरं खेळावं लागेल?"

"का गं? तुला नाही आवडत?"

"निळी गाडी फार जोरात जाते." ती जरा घुटमळली. "आणि मला वेळ नसतो."

छातीशी धरलेल्या फोनमधून मामाचं खिदळणं येतच होतं. आईनं फोन तोंडाशी नेला. "दात काढू नकोस. टाक माझं नाव. आणि दुसरा कंट्रोलर नको. वायरवाला आहे तो आम्ही ठेवणार आहोत."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून, मटार सोलता सोलता, सासूबाईंचा आवाज आला. "काय गं, पुन्हा तोच खेळ वाटतं?"

आईनं तोंड उघडलं, पण लेक तिच्याआधी कामाला लागली होती. सगळी बटणं एकदम खाडखाड बडवत ती ओरडली, "आजी, मी खेळतेय! आई नुसती शिकवतेय!"

"होय का? शिकव, शिकव. पण डोळ्यांना जपा गं पोरीच्या."

आईनं शर्यत सुरू केली. लाल गाडी सुसाट सुटली. एका वळणावर तिनं निळीला मागे टाकलं, दुसऱ्यावर निळी पुढे गेली. निळी पुढे गेली तरी टाळी वाजेना, म्हणून तिनं कडेला पाहिलं.

लेकीनं उशीखालची वायर बाहेर ओढली होती. टोकाची पिन बाहुलीच्या काखेत खोचलेली. तिनं ती अलगद काढली, उजेडात धरली आणि एक डोळा बारीक करून नीट पाहिली.

"ताप नाही," ती आईच्या कानाशी कुजबुजली. "तू खेळ."