इर्जिक

आईच्या हातांना कापरं सुटायचं. त्यावर औषध सापडावं म्हणून भोरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या सोनियानं वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका मुळीचं सत्त्व काढलं आणि देशभरच्या संशोधकांच्या सामाईक साठ्यात तपासणीला पाठवलं. तिथली अट एकच, की साठ्यात ठेवलेलं सत्त्व सगळ्यांचं. कुणीही ते आपापल्या रोगावर तपासून बघावं.

आज निकाल आला. कापऱ्यावर मुळीचा काही उपयोग नव्हता. बिहारमधल्या कुणा अनोळखी संशोधक बाईंनी मात्र त्याच सत्त्वानं काळा-आजार या जीवघेण्या तापाचे जंतू मारून दाखवले होते.

घरासमोर भाटघर धरणाच्या पाण्यावर धुकं उतरलं होतं. "आई, माझी मुळी परक्यांच्याच कामाला आली गं."

रतनबाईंनी थरथरत्या हातानं चहा पुढं केला. निम्मा बशीत सांडला.

"इर्जिकीला आपला नांगर दुसऱ्याच्याच रानात चालतो, सोने. मग आपल्या रानात समद्यांचे येत्यात. लोकांनी तितं काय काय ठिवलंय, बघ की."

सोनियानं लॅपटॉप उघडला. साठ्यात अनोळखी माणसांची हजारो सत्त्वं ओळीनं उभी होती. धुक्यापलीकडं घुंगरं वाजल्यासारखी वाटली. कुणाकुणाच्या बैलजोड्या त्यांच्या रानाकडं निघाल्या होत्या.