दोन थापा

"आज वर्ग गच्च भरला होता, मास्तर. पाय ठेवायला जागा नव्हती," कुलूपवाला खाटेजवळ स्टूल ओढत म्हणाला. ज्युदोच्या पोशाखाची पिशवी त्यानं मांडीवर घेतली.

मास्तरांचे डोळे लकाकले. अर्धांगाच्या झटक्यानं वाचा गेली होती, उजवी बाजू लुळी पडली होती. कान आणि डावा हात तेवढे शाबूत होते. दवाखान्यात नेताना ते अडखळत शेवटचं एवढंच बोलले होते, "वर्ग... बंद पडू देऊ नकोस." अख्खा जन्म वर्गाच्या त्या हॉलमध्ये गेलेला. ती काळजी उराशी घेऊन मास्तरांनी जावं, हे कुलूपवाल्याला मुळीच मंजूर नव्हतं.

मास्तरांची लेक चहा घेऊन आली. "काका, ती चिडकी मुलगी येते का हो अजून? बाबांचा फार जीव तिच्यावर."

"येते की! आज बेकरीवाल्याला असा उलथवला, आधी त्याचं पोट पडलं, मग तो पडला."

मास्तर गदगदून हसले. मग रोजच्यासारखा त्यांनी कुलूपवाल्याचा हात हातात घेतला आणि अंगठा त्याच्या नखांवरून फिरवला. जुनी खोड. वर्गात ज्युदोच्या गादीवर पाऊल ठेवण्याआधी ते प्रत्येकाची नखं तपासायचे. वाढलेली दिसली की थेट घरी पिटाळायचे, दुसऱ्याला ओरखडा नको म्हणून. कुलूपवाल्याला आता ते लाड वाटायचे.

कुणी डोळे वटारले तरी रडणारा पोरगा होता तो, तेव्हा मास्तरांनी त्याला आधी पडायला शिकवलं. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "डाव सोसेना की दोनदा थाप मारायची, समोरच्यानं लगेच सोडायचं. गादीवर मारलेली थाप खरी. गादीबाहेर मारलेली खोटी, आणि ती मला बरोबर कळते!" सगळी पोरं हसली होती.

पुढे तो शिडीवरून पडला, तेव्हा कपडे झटकत उठला. बायको गेली तेव्हा मात्र उठवेना. मास्तर दारात येऊन उभे राहिले. "चल, वर्गाची वेळ झाली," एवढंच म्हणाले. तो गेला आणि जगला.

हे ऋण त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज राहवलं नाही.

"मास्तर, तुम्ही पडायला शिकवलंत, म्हणून मी उभा आहे. उपकार कसे फेडू?"

मास्तरांनी त्याच्या बोटांच्या वाढलेल्या नखांकडे पाहिलं. मग धरलेला हात तसाच उचलून दोनदा थाप मारली.

दुखलं की काय! कुलूपवाल्यानं सवयीनं चटकन हात सोडला. पण मास्तरांनी तो पुन्हा घट्ट धरला. त्यांचे डोळे मिश्कील हसत होते, आणि भरलेही होते.

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. थाप गादीवर पडलीच नव्हती. मांडीवरच्या पिशवीवर पडली होती, आतल्या पोशाखाच्या न मोडलेल्या कडक इस्त्रीवर.

वर्ग संपताना शिष्यानं आधी वाकायचं असतं. आज मास्तरांनी उशीवरून आधी मान झुकवली.

हॉलमध्ये थाटलेल्या फरश्यांच्या दुकानाला सहा महिन्यांपूर्वी नवं कुलूप बसवून दिलं होतं, ते कुलूपवाल्यानंच.