चांदपाशांचा पाय

दीपमाला गुडघ्यावर बसून गाडीच्या मागं लावलेल्या धूर मोजायच्या यंत्राचे स्क्रू तपासत होती. काल संध्याकाळी तिनं प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. सगळे ठिपके जिथल्या तिथं होते. कुणी हात लावला नव्हता. खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं, पण ती आणखीच चिडली.

गाडी नवीकोरी होती, अजून बाजारात यायची होती. धुराचे नियम कडक झाले होते. पूर्वी बंद खोलीत रोलरवर चाकं फिरवून धूर मोजला की भागायचं. आता धुराच्या नळीला यंत्र जोडून गाडी खऱ्या रस्त्यावर पळवावी लागे. साधा माणूस चालवतो तशी चालवली, तरी धूर मर्यादेतच राहायला हवा. नाही राहिला तर गाडी विकता येणार नव्हती आणि शेंद्र्याच्या कारखान्यातली नवी लाईन सुरूच होणार नव्हती. या चाचण्यांवर दीपमालाची सही लागायची. तिच्या आधीच्या इंजिनियरनं अचानक राजीनामा दिला होता. का, ते कुणी सांगत नव्हतं. तिला या खुर्चीत बसून जेमतेम महिना झाला होता.

आणि महिनाभर तिला आकडे खात होते. तिशीतला ऋतुराज, कंपनीचा जुना ड्रायव्हर. त्यानं दोन फेऱ्या मारल्या, दोन्ही नापास. चांदपाशा नवे, पन्नाशी ओलांडलेले. त्यांनी चार मारल्या, चारही पास. गाडी तीच. रस्ताही तोच. क्रांती चौकातली गर्दी, पैठण रोडवरची गावं, मग मोकळा हायवे.

तिनं दुसऱ्या पंपावरून पेट्रोल भरून पाहिलं. किल्ली रात्रभर स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. तरी चांदपाशा पास. त्यात रोज सकाळी निघण्याआधी ते गाडीच्या मागं वाकून काहीतरी करताना दिसत. प्लांटचे प्रमुख काकासाहेब त्यांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजताना तिनं दोनदा पाहिलं होतं. ड्रायव्हरला केबिनमध्ये चहा?

आज ती स्वतः शेजारच्या सीटवर बसली. मांडीवर लॅपटॉप, पण नजर मात्र चांदपाशांच्या पायावर.

क्रांती चौकात एक रिक्षा आडवी घुसली. दीपमालानं दचकून डॅशबोर्ड धरला. चांदपाशांचा पाय मात्र केव्हाच ॲक्सिलरेटरवरून उठला होता. गाडी हळू झाली, थांबली, पुन्हा निघाली, पण धक्का म्हणून बसला नाही. वेग ठरल्याप्रमाणेच होता. ऋतुराजच्या फेरीत स्क्रीनवरची धुराची रेघ करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली व्हायची. आज ती सरळ चालली होती.

बिडकीन गाव मागं पडल्यावर तिला राहवलं नाही.

"चाचा, खरं सांगा. काकासाहेबांनी तुम्हाला काय शिकवलंय?"

"शिकवायचं काय मॅडम? साहेब बोलले, जैसी चलाते वैसीच चलाव. मी तशीच चालवतो."

"आणि रोज सकाळी मागं वाकून काय करता?"

"कुत्री बसत्यात ना गाडीखाली. निघायच्या आधी बघावं लागतंय."

तिनं स्क्रीनवरची सरळ रेघ पुन्हा एकदा पाहिली. मग विचारलं, "इथं यायच्या आधी कुठं होता?"

"अँब्युलन्सवर. बावीस साल. गंगापूर, पैठण, वैजापूर, सगळी गावं पालथी घातली. मागं कुणाचं कंबरडं मोडलेलं असायचं, कुणी बाई कळा देत असायची. टाइमावर तर पोचायचं, पण ब्रेक जरा दाबला की मागून किंकाळी. लई वाईट वाटायचं बघा. ती किंकाळी ऐकू येऊ नाय म्हणून पाय असा झाला. आता मागं कुणी नसलं, तरी तसाच पडतोय."

दीपमालाला मान वर करवेना. महिनाभर ती या माणसावर पाळत ठेवून होती. त्यांच्या डब्याची पिशवीसुद्धा तिनं एकदा गुपचूप चाचपली होती.

फेरी संपली. गाडी पाचव्यांदा पास झाली. ती तडक काकासाहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, चांदपाशाचाचांवर मी उगाच संशय घेतला. माणूस अगदी सरळ आहे. गाडीतही काही खोट नाही. ऋतुराजच धसमुसळा चालवतो. त्याच्या दोन्ही फेऱ्या मी बाद धरते."

तिनं फाइल उघडली आणि पानापानावर सही केली. छातीवरचा दगड उतरल्यासारखं तिला वाटलं. काकासाहेबांनी प्रत्येक सही नीट पाहिली, फाइल ड्रॉवरमध्ये ठेवली आणि कुलूप लावलं. मग पहिल्यांदाच ते तिच्याकडं बघून हसले.

"ऋतुराजला बोल लावू नका, दीपमाला. तो चारचौघांसारखाच चालवतो. तुम्ही यायच्या आधी या गाडीत मी अठरा ड्रायव्हर बसवून पाहिले. अठराच्या अठरा नापास झाले, तेव्हा कुठं चांदपाशांना शोधून आणलं."