थोरल्याचा जामीन

"मला हा जामीनदार नको," साळूबाई म्हणाली.

श्रीरामपूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात तिचा भाऊ भिमाजी आपल्या जमिनीचा सातबारा हातात धरून उभा होता. निरोप मिळताच तो सकाळच्या पहिल्या गाडीने आला होता. त्याने वकिलांकडे पाहिले. वकिलांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

शलमोन वकील मूळचे शाळामास्तर. काळा कोट चढवला तरी समजावून सांगायची सवय गेली नव्हती. "बाई, परत सांगतो. तुमच्या मालकाला, कारभारीला, काल दुपारी धरलं. चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे आणायचं असतं, तसं आणलं. साहेबांनी जामीन दिला. म्हणजे सोडायला ते तयार आहेत. पण तारखेला हा हजर राहील अशी हमी घेणारा, शेतीवाडी असलेला माणूस पाचच्या आत पाहिजे. नाही आला, तर मुक्काम सबजेलात. तुमचा भाऊ समोर आहे, कागद चोख आहे. मग अडलं कुठं?"

"सबजेलात नेल्यावर काय करत्यात?"

"दारातच अंगझडती. करदोड्यापासून चंचीपर्यंत सगळं काढून घेतात आणि वहीत लिहितात. मग नाव, बापाचं नाव, गाव, अंगावरची खूण."

"आन जामीनदाराला कोर्टात काय काय इचारत्यात?"

वकिलांनी तेही एकेक बोट दुमडत सांगितले. साळूबाईने ते दोनदा सांगायला लावले. मग म्हणाली, "जामीन ऱ्हातील तर आमचे नाना."

भिमाजीने कपाळाला हात लावला. "अगं, नानानंच फिर्याद दिलीया. त्यानंच दाजींना आत घातलं. तुजं डोकं..."

"जाग्यावर हाय," ती म्हणाली आणि बेलापूरच्या एस.टी.कडे चालू लागली.

नाना म्हणजे कारभारीचा थोरला भाऊ राधाकृष्ण. वडील गेल्यावर दहा एकरांच्या सातबाऱ्यावर त्याच्या एकट्याचे नाव लागले, घरचा कर्ता म्हणून. पुढे चुली वेगळ्या झाल्या, दोघे निम्मे निम्मे रान कसू लागले, पण कागदाकडे कुणी पाहिले नाही. मग यंदाच्या दुष्काळात पाटाला पाणी आले ते चार दिवसांपुरते. आधी भिजायचे कुणी, यावरून बांधावर बोलाचाली झाली. "तुजं रान?" नाना ओरडला. "कागदावर नाव दाव." कारभारीने उत्तर फावड्याच्या दांड्याने दिले. नानाचा उजवा हात मनगटापासून सुजला. तसाच तो पोलीस ठाण्यावर गेला.

बारा वर्षांच्या संसारात साळूबाई थोरल्या दिरासमोर कधी उभी राहिली नव्हती. आजही ती दाराआड थांबली, पदर सारखा केला आणि जावेशी, छबूबाईशी, बोलल्यासारखे करून ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बाई, पाचाला ह्यांना सबजेलात नेत्यात. तितं वही असती. आधी नाव लिव्हत्यात, मंग बापाचं नाव. मामंजींचं नाव जेलच्या वहीत चढंल."

ओसरीवर नाना हात गळ्यात बांधून बसला होता. तोही छबूबाईलाच म्हणाला, "इचार तिला, तिचा भाऊ कुटं मेलाय?"

"कोर्टात उभा हाय की. त्यो ऱ्हाईल जामीन. मंग गाव म्हनंल, मामंजींचं नाव सोयऱ्यानं राखलं."

छबूबाई नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. नानाने दोनदा घसा साफ केला.

"सदरा दे," तो बायकोला म्हणाला. "बाही जरा उसव, हात जात न्हाई. आन ट्रंकेतला उतारा काढ."

साडेचार वाजता नाना कोर्टापुढे उभा राहिला. मॅजिस्ट्रेटनी कागद पाहिले, मग त्याचा बांधलेला हात पाहिला.

"फिर्यादी तुम्हीच ना?"

"व्हय."

"आणि जामीनही तुम्हीच?"

"त्यानं मला मारलं, सायेब. त्याला जेलात टाका आसं मी कुटं म्हनलो?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. साहेबांनी वर पाहताच तो थांबला. शिरस्तेदाराने नानाला शपथ दिली आणि टाक दौतीत बुडवला. नाव, वय, धंदा, गाव.

"जमीन किती?"

"धा एकर."

"तुमच्या एकट्याच्या मालकीची? का तिच्यात आणखी कुणाचा हिस्सा आहे? शपथेवर सांगा."

नाना उताऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने पिंजऱ्याकडे पाहिले. कारभारी लाकडी कठड्याला दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून उभा होता. दाराशी साळूबाई जरासुद्धा हलली नाही.

"हाय," नाना म्हणाला. "निम्मी दुसऱ्याची हाय."

"कोणाची? नाव सांगा."

"कारभारीची. त्यो पिंजऱ्यात उभा हाय, त्याची. बापाच्या माघारी नाव माजं लागलं. पन निम्मी त्याची."

शिरस्तेदाराने ते जसेच्या तसे लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले. नानाने डाव्या हाताचा अंगठा उठवला. उरलेल्या निम्म्यावर जामीन भागत होता. साहेबांनी सही केली. पोलिसाने कारभारीला पिंजऱ्याबाहेर काढले, तसा तो थेट थोरल्याच्या पायांशी वाकला. नानाने त्याला उठवायला नेमका सुजका हात पुढे केला आणि कळवळून त्याला एक शिवी हासडली. भिमाजी डोळे पुसत हसू लागला.

साळूबाई त्यांच्याकडे गेली नाही. ती शिरस्तेदाराच्या टेबलापाशी आली.

"दादा," तिने विचारले, "ह्या कागदाची नक्कल पायजे. अर्ज कुनाकडं द्यायचा?"