रविवारचा फोन

"ऐकू येतंय का काका?" स्वरदाने विचारलं.

चंद्रप्रकाश सावंतांनी दचकून मान वर केली. कानामागे नवं यंत्र होतं, त्याची गोल चकती डोक्याला चिकटलेली. कातडीखालचा भाग गेल्या महिन्यात ऑपरेशन करून बसवला होता. यंत्रं जुळवून देणाऱ्या स्वरदाच्या अंधेरीतल्या त्या छोट्या खोलीत, पाच वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्यापर्यंत काहीतरी पोचलं होतं.

"येतंय. पण पत्र्यावर खडे पडल्यासारखं."

"सुरुवातीला तसंच वाटणार. बाई बोलतेय की पुरुष, तेही कळणार नाही. रोज सराव करायचा. फोनवरचं बोलणं तर सगळ्यात शेवटी जमतं, हं."

सावंत तिचे ओठ वाचत होते. मग बायकोकडे, जानकीकडे वळून लहान मुलासारखे हसले.

"बायला फोन करायचा. मी स्वतः."

जानकी घाईघाईने पिशवी आवरू लागली.

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण, सोनूबाई. आई लवकर गेली, वडील परळच्या गिरणीत. मालवणजवळच्या गावात चंदूला वाढवलं ते बायनेच. तिला लिहिता-वाचता येत नसे. त्यामुळे चंद्रप्रकाशांचे कान गेल्यावर बहीण-भावाच्या मधे जानकी आली. दर रविवारी सकाळी ती गावी फोन लावायची, बायचं ऐकायची आणि समोर बसलेल्या नवऱ्याला सावकाश, ओठ वाचता येतील असं सांगायची.

तीन वर्षांपूर्वी बाय गेली. तेव्हा चंद्रप्रकाश हार्ट अटॅकने आयसीयूत होते. धक्का देऊ नका, डॉक्टर म्हणाले होते. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी ते खुर्ची ओढून समोर येऊन बसले. जानकीने बंद फोन कानाला लावला आणि म्हणाली, "होय बाय, बरे आहेत आता."

नंतर सांगायचं राहूनच गेलं.

बाय काय म्हणेल ते जानकीला पाठ होतं. फणस धरला, मांजर व्याली, गुडघा दुखतो. कधी सुचलं नाही तर ती म्हणायची, "बाय विचारते, पोहायला येतं का रे अजून?" मग चंद्रप्रकाश सुरू व्हायचे. बायने त्यांच्या कमरेला सुके नारळ बांधले होते, विहिरीत उतरवलं होतं. काठावर ओणवी होऊन ओरडत होती, "हात मार चंदू, मी आसंय!" आणि घाबरून त्यांनी तिचाच हात असा ओढला, की लुगड्यासकट तीच पाण्यात! हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. जानकीही हसायची. ती सून म्हणून त्या घरात गेली तेव्हा काजू भाजून काळ्या झालेल्या हातांनी बायनेच तिला उंबऱ्यातून आत घेतलं होतं.

गावी जाऊया, असं मात्र चंद्रप्रकाश कधी म्हणाले नाहीत. जानकीला ते आपलं नशीब वाटायचं.

घाटकोपरला, भटवाडीतल्या घरी रोज सराव सुरू झाला. जानकी तोंडासमोर पेपर धरायची.

"कढी."

"गाडी?"

"कढी हो, कढी!"

"मग तसं म्हण ना," म्हणत ते कानामागचं यंत्र चाचपायचे. पण रविवार ठरवला तो ठरवलाच. स्वरदाने फोनचा आवाज थेट यंत्रात येईल अशी जोडणी करून दिली होती.

शेवटी जानकी खालच्या मजल्यावर वनमालाकडे गेली. वनमालाचं माहेर मालवणचंच.

"सांगून टाक ना एकदाचं," वनमाला म्हणाली.

"काय सांगू? तीन वर्षं तुम्हाला फसवलं म्हणून? मेलेल्या माणसाच्या तोंडी वाट्टेल ते घातलं म्हणून?"

वनमालाने तिच्यापुढे पाणी ठेवलं. मग म्हणाली, "त्यांना सगळ्यांचे आवाज सारखेच येतात म्हणालीस ना? मग मी बोलते बाय होऊन. तू रडू नको."

बायचा नंबर भाच्याने कधीच बंद केला होता. नवऱ्याच्या मोबाइलमधे 'बाय' या नावापुढे जानकीने वनमालाचा नंबर घातला.

रविवारी चंद्रप्रकाशांनी इस्त्रीचा शर्ट घातला. गॅलरीत स्टुलावर बसले, मोबाइलवर बोट टेकवलं. जानकी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पलीकडचं तिला काहीच ऐकू येणार नव्हतं.

"बाय? मी चंदू. माका आयकाक येता आता!"

ते थांबले. मान हलवली. हसले.

"गुडघो कसो आसा?... होय तर. आठवता ना? ती विहीर! तू खाली, मी वर!"

बराच वेळ ते बोलले. विहिरीचं, काजूंचं, परळहून वडिलांनी पाठवलेल्या पहिल्या चपलांचं. बाय त्या उशाशी घेऊन झोपली होती. मधेच गप्प होत, ऐकत, पुन्हा बोलत. जानकी पदर तोंडात धरून उभी होती.

मग त्यांचा आवाज खाली आला.

"बाय, जानकी दर रविवारी तुझा सगळा माका सांगता. तिणा तुका माझ्यापासून लांब जावक दिला नाय. पण आता पुरे. दर रविवारी फोन नको. दमतस तू. तुझो आवाज आयकलंय, माझो जीव थंड झालो."

फोन खाली ठेवून ते आत आले. डोळे पुसत म्हणाले, "आवाज अगदी तोच गं. आता रविवारी तुला त्रास नाही."

तीन वर्षांचं ओझं एका क्षणात उतरलं. जानकी तशीच चप्पल न घालता जिना उतरली. वनमालाचे पायच धरायचे, असं तिच्या मनात होतं.

वनमालाने दार उघडलं. मोबाइल तिच्या हातातच होता.

"अगं, भाऊजी फोन करणार कधी? सकाळपासून वाट बघत बसलेय मी."