पाठीमागचे हात

मुलांच्या रोबोला शिकवणाऱ्यांनी हात लावायचा नाही, हा स्पर्धेचा नियम. मुलांना शिकवणाऱ्या ताईने तो सरावातही व्रतासारखा पाळला. मुलांचं कितीही अडो, ती हात पाठीमागे बांधून जवळ उभी राहायची. "ताईचे हात पाठीला चिकटलेत," मुलं हसायची.

अंतिम फेरीत मुलांचे दोन रोबो उतरले, आपले आपण चालणारे. थोरल्या रोबोने आपला चेंडू अलगद टोपलीत ठेवला. धाकट्याच्या हातून मात्र चेंडू सुटला. पुन्हा सुटला. घंटा होण्याआधी तो टोपलीत गेला नाही, तर वर्षभराची मेहनत पाण्यात. आणि थोरला लोखंडी हात पाठीमागे वळवून खिडकीतून आलेल्या कोवळ्या उन्हात नुसता उभा. सभागृहातला गलबला कुठेतरी दूर विरून गेला.

"अगं, तो मदतीला का जात नाही?" ताईने न राहवून विचारलं. "हात मागे न्यायची चूक कुठून आली?"

"चूक नाहीये," संघातली चिमुरडी हळूच म्हणाली. धाकट्याने चेंडू पुन्हा उचलला, या वेळी घट्ट धरला आणि टोपलीकडे निघाला.

"आणि तो थोरला नाही गं. ती ताई आहे."